सहाशे मीटर, श्रेणी अ

बन्सीलाल देसले सर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक लगेच दगड उचलतात. पिंपळनेरजवळच्या एका शाळेत चारशे पोरांमागे तो एकटाच खेळशिक्षक. मतदार याद्या त्याच्या गळ्यात, लेझीम त्याच्या गळ्यात, कोणाचं डोकं फुटलं तर टाके घालायला न्यायचं तेही त्याच्याच गळ्यात. आणि वर्षातून एकदा शारीरिक क्षमता चाचणी. उंची, वजन, पन्नास मीटर, सहाशे मीटर, बसून पुढे वाकणे, एका पायावर तोल. पोरं चारशे, स्टॉपवॉच एक, आणि त्याचाही सेल गेलेला. आता बोला.

मग सर खुर्चीत बसूनच चाचणी घ्यायचा. गेल्या वर्षीची वेळ बघायची, तिच्यातून पाच-सात सेकंद कमी करायचे, की झालं. पोर वर्षभरात वाढतं, म्हणजे जोरात पळणारच की! आकडे सुधारले तर वरून कोणी विचारत नाही, घसरले तर खुलासा मागतात. मुख्याध्यापकही म्हणायचे, "भरून टाका हो देसले, कुठे ऑलिंपिकला पाठवायचीत!" दोघं हसायचे. सगळ्यांना श्रेणी अ, कार्डं घरोघरी फिरून शाळेत परत, पालक खूश.

पाचवीतल्या कुंदनलाही तिसरीत अ, चौथीत अ, यंदा जुलैतही अ. खरं तर हे पोर तिसरीपासूनच प्रार्थनेच्या रांगेत शेवटी पोचायचं. जिना चढताना कठडा धरायचं. सरला ते दिसत नव्हतं असं नाही. पण कुंदनच्या पोटऱ्या अशा टणक आणि भरलेल्या, की बघणारा म्हणेल हा आखाड्यातला आहे. सर भर मैदानात म्हणायचा, "पोटऱ्या पैलवानाच्या आणि चाल म्हाताऱ्याची! आळशी लेकाचा!" पोरं खिदळायची. कुंदनही हसायचा, बिचारा.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, मधल्या सुट्टीत कुंदनची आई रत्ना शाळेत आली. कांद्याच्या लागवडीवर जाणारी बाई, मजुरीचा दिवस मोडून आली होती. कुंदनला तिनं ऑफिसबाहेरच्या पायरीवर बसवलं आणि आत येऊन पिशवीतून कागद काढला. दोन आठवड्यांपासून पोराला जिना चढता येत नव्हता, म्हणून ती त्याला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली होती.

"डॉक्टरले शाळानं कार्ड पाहिजे, सर," ती म्हणाली. "दुखनं एकदम उनं व्हई ते औषधवरी बरा व्हई जाई, म्हने. तुम्हना कार्डवर ते बठ्ठं चांगलं शे ना? जुलैपावत पयेच ना तो?"

दुखणं एकदम आलंय, म्हणजे पोर बरं होईल, या आशेनं तिचा चेहरा उजळलेला होता. सरनं कागद वाचला. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: स्नायूंचा आजार. अशक्तपणा गेल्या दोन-तीन महिन्यांत आला की काही वर्षांपासून हळूहळू वाढत गेला, हे कळणं आवश्यक. मागच्या तीन वर्षांच्या धावण्याच्या नोंदी पाठवाव्यात.

अचानक आलेल्या आजारावर औषध होतं. हळूहळू आलेल्यावर नव्हतं. हे कागदात नव्हतं, पण सरच्या मामेभावाचा मुलगा असाच हळूहळू खाटेला लागून सतराव्या वर्षी गेला होता. तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही कार्डं कपाटात होती आणि तिन्ही सांगत होती, की जुलैपर्यंत पोरगा हरणासारखा पळत होता. ती तशीच दिली असती तर बाई हसत धुळ्याला गेली असती, डॉक्टरांनी भलतं औषध सुरू केलं असतं, आणि देसले सरच्या नोकरीला कुणी बोट लावलं नसतं.

सरनं कपाटातून यंदाचं कार्ड काढलं, दार लोटलं. रत्नाला खुर्ची दिली. मान खाली घालून म्हणाला, "रत्नाताई, ते आकडे खोटे आहेत. मी त्याला कधी पळवलंच नाही. बसून भरलेत. तो तिसरीपासूनच मागे पडायचा. मी बघत होतो."

बाईला आधी कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "तिसरीपाशी?"

"हो."

"म्हंजे एकदम नही उनं?"

"नाही, ताई."

तो शिव्यांची वाट बघत होता. एखादी वाजवली असती तरी त्यानं गाल पुढे केला असता. पण रत्ना त्या कार्डाकडेच बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण अ ओळखता येत होता.

"रोज सांगे तो," ती म्हणाली. "माय, मना पायस्मा जीव नही. मी हाई कार्ड दखाडीसन मारं त्याले. सर खोटं लिखतीन का, म्हनी मारं. दोन साल मारं, सर."

सर रडला. आता रडून काय उपयोग, पण रडला. मग त्यानं कोऱ्या कागदावर डॉक्टरांना लिहून दिलं, की नोंदी खोट्या आहेत, मुलगा तीन वर्षांपासून मागे पडतो आहे, आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.

दोघं बाहेर आले. आईचे लाल डोळे आणि सरच्या हातातलं कार्ड बघून कुंदन घाबरला. आपण पळत नाही अशी आईनं चुगली केली, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं दोन्ही तळहात मांड्यांवर रोवले आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा तो हळूहळू उभा राहिला.

"मी पयस, सर," तो म्हणाला. "आते पयस. माय, दख."

"नको रे," सर म्हणाला, पण तोवर पोरगा मैदानाकडे निघालाही होता. दात-ओठ खाऊन, हात हलवत, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तो पळत होता.

रत्ना त्याच्यामागे गेली. तिला धावावंसुद्धा लागलं नाही. चालतच तिनं त्याला गाठलं.