दहाव्याला कबूल केलेली गाडी

गाडीच्या मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागतो. त्यावर इंजिनाचं चित्र असतं म्हणे, मला ते विहिरीवरच्या मोटारीसारखं दिसतं. पेट्रोल संपत आलं तर काटा सांगतो. दार उघडं राहिलं तर गाडी टुंटुं करते. हा दिवा मात्र काहीच सांगत नाही. काहीतरी बिघडलंय, एवढंच. काय बिघडलंय ते तुम्ही शोधा आणि पैसे घेऊन फिरा. घरातल्या माणसानं तोंड फुगवून बसावं आणि काय झालं विचारलं की "काही न्हाई" म्हणावं, तसलं हे काम.

गाडी माझी नाही, वनमालाची आहे. वनमाला माझी बायको. संक्रांतीच्या आधी गेली. ती आरोग्य खात्यात नर्स होती. रिटायर झाल्यावर तिनं स्वतःच्या पैशातून ही पांढरी जुनी गाडी घेतली आणि त्या वयात बीडला जाऊन चालवायला शिकली. मी जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, पण मला ती हात लावू द्यायची नाही. "तुमी गाडी नांगरल्यासारखी चालवता," म्हणायची. मी डाव्या बाजूला तिची पर्स मांडीवर घेऊन बसायचो. चौसाळ्यात लोक हसायचे, आमचंच गाव. हसले तर हसले.

ती गेल्यावर गाडी विकून टाकावी असं अंगदचं मत होतं. अंगद माझा मुलगा, पुण्याला असतो. माझंही मत काही वेगळं नव्हतं. पण दहाव्याला घोटाळा झाला.

दहावा आम्ही गोदावरीवर केला, गेवराईच्या पुढं. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून उभे राहिलो. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले होते, पण एकही खाली येईना. मग जे सगळीकडं होतं तेच सुरू झालं. तिचं काय अडकलंय ते ओळखायचं आणि कबूल करायचं. अंगद म्हणाला, "आई, आबांना मी सांभाळतो." कावळा हलला नाही. भावकीतल्या आप्पारावांनी मोसंबीची बाग तोडणार नाही म्हणून सांगून टाकलं. बाग माझी, कबूल करणारे ते. तरी नाही. मी पुढं झालो. म्हणालो, "माझी काळजी करू नको. गोळ्या येळेवर घेईन." एका कावळ्यानं पंख झटकले आणि पुन्हा तिथंच बसला.

ऊन चढलं होतं. माणसं सकाळपासून उपाशी होती. गुरुजी बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. तेवढ्यात माझी थोरली बहीण, छबुबाई आक्का, मोठ्यानं म्हणाली, "वनमाला, तुजी गाडी आमी इकणार न्हाई गं. बंद पडू देणार न्हाई." आणि कावळा पिंडावर बसला. सगळे हात जोडून चपला शोधायला लागले.

हे मला आतून लागलं. मी गोळ्यांचं बोललो तेव्हा आली नाही, गाडीचं नाव निघालं तर आली. पण कबूल केलं ते केलं. गाडी विकायची नाही आणि बंद पडू द्यायची नाही.

विहिरीवरची मोटर महिनाभर बंद राहिली की जाम होते, हे मला माहीत. म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली, देवाला दिवा लावला, की शेडमध्ये जाऊन गाडी चालू करायची. माझा चहा आणि पेपर होईस्तोवर ती गुरगुरत राहायची. मग बंद. न्यायची कुठं? मला कुठं जायचंच नव्हतं. किराण्याला मोटारसायकल होती.

पावसाळा सरता सरता दिवा लागला. मी गाडी चौसाळ्यात अबरारकडं नेली. हायवेला त्याचं गॅरेज आहे, वनमाला त्याच्याकडंच जायची. त्यानं स्टेअरिंगखाली एक डबी लावली, मोबाईलमध्ये बघितलं.

"काका, सेन्सर दाखवतंय."

"कशाचा?"

"धुराचा. धूर कसा जातोय ते बघतो तो."

"धूर बघायला मी हाय की."

"तुमी हाय, पण तुमची वायर इंजिनाला जोडलेली न्हाई," म्हणाला आणि मोबाईलवरूनच दिवा पुसून दिला. चार दिवसांनी परत लागला. मग त्यानं प्लग बदलले. परत लागला. मग काहीतरी साफ केलं, त्याच्या बाटलीचे पैसे वेगळे, हाताचे वेगळे. पुन्हा लागला. दर वेळी मी पैसे द्यायचो, दर वेळी दिवा निघून जायचा आणि दर वेळी पाव्हण्यासारखा परत यायचा. शेवटी अबरारच कंटाळला.

"काका, एक सांगू का? काळी टेप लावतो त्याच्यावर. दिसणारच न्हाई."

"आन इंजिन?"

"चालतंय तोवर चालतंय."

"कावून बे, तुज्या गाडीला लावलीय का टेप?"

"माज्या गाडीचा मीटरच बंद हाय काका. लई शांतता."

अंगदचा रोज फोन. "आबा, आतापर्यंत किती घातले?"

"तुला काय करायचंय?"

"अहो, गाडीची किंमत किती, त्यात तुम्ही घालताय किती? गेवराईचा एक जण घ्यायला तयार आहे. देऊन टाका."

"कबूल केलंय."

"आबा, कावळ्याला इंजिनातलं काय कळतंय?"

"तुज्यापेक्षा जास्त. तो खाली आला होता."

त्यानं दुसरीकडनं धरलं. मग म्हणाला, "उद्या मधेच कुठं बंद पडली तर? तेव्हा काय करणार?" बंद पडली तर शब्द मोडला आणि विकली तरी मोडला. मी म्हणालो, "एकदा बीडला मोठ्या वर्कशॉपला दाखवतो. तिथंबी दिवा न्हाई गेला, तर तू म्हणशील तसं." बोललो आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

बीडला आक्का बरोबर आली, तिला चष्मा बघायचा होता. वर्कशॉपमध्ये काचेची खोली, गार हवा, फुकट कॉफी. आक्कानं दोन घेतल्या. गाडी आत नेली. तास-दीड तासानं समिना नावाची एक मुलगी आमच्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात पाटीएवढा मोबाईल होता.

"काका, गाडी कोण चालवतं?"

"मी."

"कुठे?"

"घरी."

"घरी म्हणजे?"

"शेडमधी."

तिनं पाटीत बघितलं, मग माझ्याकडं. "मागच्या सर्व्हिसिंगपासून गाडी फारशी फिरलेलीच नाही. आणि इंजिन तर भरपूर चाललेलं दिसतंय."

"रोज चालवतो. सकाळी अर्धा तास. एक दिवस चुकवलेला न्हाई." हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

तिनं पाटी मांडीवर ठेवली. "काका, जागेवर उभी ठेवून चालवली की इंजिन पूर्ण तापत नाही. पेट्रोल अर्धवट जळतं. त्याची काजळी धरते, प्लगवर, सेन्सरवर. तुमचा दिवा त्याचा आहे."

"मंग तो अबरार महिनाभर काय करत होता?"

"तुम्ही त्यांना हे शेडचं सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आंघोळीनंतर माणूस काय करतो हे कोण कुणाला विचारतं? चहाबरोबर रोज मीच ती बिघडवत होतो. वरून पेट्रोलचे पैसे.

सेन्सर बदलायचे साडेसहा हजार. आणि सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, तीही काजळीनं तुंबून बसली असेल तर चाळीस हजारांच्या पुढं.

"बसलीय का?"

"आत्ताच नाही सांगता येत. सेन्सर बदलून देते. मग इथून थेट गेवराईपर्यंत जाऊन या. हायवेनं, सत्तर-ऐंशीनं, मध्ये थांबू नका. कधी कधी तेवढ्या उष्णतेनं जाळी मोकळी होते. दिवा परत लागला तर मग जाळीच."

चाळीस हजार मी घालणार नव्हतो आणि अंगदला ते माहीत होतं. म्हणजे गेवराईपर्यंत दिवा लागला की गाडी गेली. मी पैसे भरले. आक्का म्हणाली, "अजून जरा बसू की. गार हाय."

हायवेला लागल्यावर तिनं विचारलं, "घर तर मागं राहिलं. गेवराईला कावून?"

"गाडी तापवायला."

"पेट्रोल जळत न्हाई म्हणून पेट्रोल जाळायला जायचं?"

"आक्का, मला काही इचारू नको. त्या पोरीनं सांगितलं, मी चाललो."

दहाव्यानंतर या रस्त्याला मी आलो नव्हतो. पुढं ट्रक, बाजूनं ट्रक, आणि मी ऐंशीनं. ट्रॅक्टरवर सगळं जग आपल्याला ओलांडून जातं, इथं मलाच दुसऱ्यांना ओलांडावं लागत होतं. हात घट्ट धरून धरून दुखायला लागले. टोलनाक्यावर पैसे कापले गेले ते वेगळेच. आणि डोळे सारखे मीटरवर.

"म्होरं बघ," आक्का म्हणाली. "दिवा बघता बघता आपल्या दोघांला वनमालाकडं नेशील."

"सगळं तुज्यामुळं चाललंय."

"मी काय केलं?"

"दहाव्याला कोण बोललं? तू बोलली नसतीस तर ही गाडी तवाच गेली असती. महिनाभर मी त्या दिव्यापायी झोपलो न्हाई. पोरगा बोलतोय, अबरार हसतोय, पैसे चाललेत. लिंबावरच्या एका कावळ्यापायी."

आक्कानं पदर सारखा केला. खिडकीबाहेर कापूस होता, तिकडं बघत बसली. मग म्हणाली, "तो आदीच उडालता."

"कोण?"

"कावळा. मी बघितलं त्याला फांदीवरनं सुटताना. म्हणलं, येतोयच तर काहीतरी बोलावं. तोंडात गाडी आली."

"कावून गाडी?"

"समोरच उभी होती."

मी गाडी एका ट्रकच्या मागं घातली आणि वेग कमी केला. मागच्यानं हॉर्न दिला, मग वेग परत वाढवला. "आन तो सुटला तवा कोण बोलत होतं?"

"कुणीच न्हाई. गुरुजी फोनवर बोलत होता."

"हे तू आज सांगतीस?"

"तू कवा इचारलं? तू रोज ते गुरगुरवत बसायचास, मला वाटलं तुला करमतंय त्याच्यात. कावून मोडायचं?"

तिला खाली उतरवावं असं एकदा मनात आलं, पण समिनानं थांबू नका सांगितलं होतं. म्हणजे वनमालानं काही मागितलंच नव्हतं. कावळ्याला भूक लागली, तो आला. मी दहा महिने सकाळी अर्धा तास काय करत होतो?

फोन वाजला. आक्कानं उचलला आणि माझ्या कानाशी धरला.

"काय झालं आबा? दिवा?"

मी बघितलं. मीटर काळाच होता. "अजून तरी न्हाई. गेवराईच्या अलीकडं आलोय."

"गेवराईला? मग बरंच झालं. तो घेणारा आज गावातच आहे, मी नंबर पाठवतो. दाखवून तर घ्या. दिवा नाही तर भावही बरा येईल."

आता आडवं यायला काहीच नव्हतं. शब्द नव्हता, दिवा नव्हता, माणूस गावात होता. उड्डाणपुलाखालून डावीकडं वळलं की काम झालं. आक्का माझ्याकडं बघत होती. फोन तिनं इतका दाबून धरला होता की कान दुखत होता.

"इकायची न्हाई," मी म्हणालो.

"आबा, त्या वचनाचं..."

"वचन-बिचन काही न्हाई. ते आक्काचं होतं."

"मग?"

"आत्ताच पैसे भरलेत. सेन्सर नवा हाय."

"हे काय कारण झालं?"

"दुसरं सांगता येत न्हाई मला. ठिवतो, ट्रक हाय म्होरं."

ट्रक नव्हता. आक्कानं फोन बंद करून पर्समध्ये ठेवला आणि चहाला थांब म्हणाली. मी म्हणालो, थांबायचं नाही. गाडीला थांबायचं नाही, मला थांबायचंय, ती म्हणाली. यावरून आमचं पुलापर्यंत चाललं. मी पुलाखालून वळून परत बीडचा रस्ता धरला, तिला चहा मिळाला नाही, आणि ती बीडपर्यंत तेच बोलत होती.

चौसाळ्यापर्यंत दिवा लागला नाही. उद्याचं मी सांगत नाही, एवढा विश्वास मी आता कशावर ठेवत नाही. पण दर आठवड्याला लांब फिरवायची म्हणजे कुठंतरी जावं लागणार. आक्काला तिच्या दारात सोडताना मी विचारलं, "फुडच्या रविवारी कुठं?"

तिनं तयारच ठेवलं होतं. "शिरूरला. माजी नणंद हाय तिथं."

"तिचं आन तुजं तर बोलणं न्हाई."

"बोलायला कोण चाललंय? घरावरनं नुसतं जाऊ. गाडीतनं दिसल तिला."