साडेसहाची गोळी

समडोळीच्या चंपाबाई पाटलांच्या फडताळात श्रीखंडाचा एक जुना डबा होता. त्यात श्रीखंड नव्हतं, मधुमेहाच्या गोळ्या होत्या. वर्षभर न घेतलेल्या. टाकवत नव्हत्या, कारण चांगली वस्तू केरात टाकणं चंपाबाईंच्या रक्तात नव्हतं. घेववतही नव्हत्या, कारण चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘रात्री जेवणानंतर’.

आता जैनाघरच्या बाईनं रात्री जेवायचं कसं? गावात चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं हात जोडून चंपाबाईंनी दहा वर्षांपूर्वी नियम घेतला होता. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. मग गोळी काय कोरडी गिळायची? सुरुवातीला सांगलीच्या एका डॉक्टरांना त्यांनी भीत भीत हे सांगून पाहिलं होतं. त्यांनी मानही वर न करता विचारलं, “आजी, धर्म पाहिजे की जीव?” हा काय प्रश्न झाला? चंपाबाईंना दोन्ही पाहिजे होतं. त्या दिवसापासून डॉक्टर लोकांना खरं सांगणंच त्यांनी सोडून दिलं. सकाळची गोळी पोटात जायची, रात्रीची डब्यात.

त्यामुळं साखर उतरेना, आणि साखर उतरेना म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन होईना. डोळ्यांच्या दवाखान्यातून त्यांना तीनदा माघारी पाठवलं होतं. दीडशेच्या आत आणा, मग बघू, एवढंच उत्तर. इकडं बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, चंपाबाई गेली बावीस वर्षं दुपारी बायकांना पोथी वाचून दाखवत आल्या होत्या. आता अक्षरं दुधात बुडवल्यासारखी दिसायची. म्हणून नातीला, ब्राह्मीला, पाटापुढं बसवलं होतं. पोरगी गुणाची, पण एसटी चुकेल अशा घाईनं वाचायची. पोथी पुढं जायची आणि बायका मागं राहायच्या. चंपाबाई खांबाला टेकून ऐकायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. पोथी सुटली तर आपल्या दिवसात उरलं काय, असं त्यांना वाटायचं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

अशात गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून शिवांजली मॅडम आल्या. माहेर रहिमतपूरचं, वय तिशीच्या आतबाहेर, पण डोकं चालणारं. त्यांनी पाहिलं की साखरेचे चौदा पेशंट दर महिन्याला तेच विचारतात, त्या तेच सांगतात, आणि कुणाचंच काही उतरत नाही. मग त्यांनी फर्मान काढलं. मंगळवारी सकाळी सगळ्यांनी एकदमच यायचं. आधी उपाशीपोटी साखर तपासायची, आकडे फळ्यावर लिहायचे, मग शाळेच्या मैदानावर अर्धा तास व्यायाम, आणि नंतर ओसरीवर गोल बसून सगळ्यांची तपासणी सगळ्यांसमोर. ज्याला एकट्यानं बोलायचंय त्यानं शेवटी आत यावं. बाकीच्या दिवशीही मैदान चुकवायचं नाही.

गाव आधी कुरकुरलं. दुखणं काय चावडीवर मांडायची वस्तू आहे? पण मॅडमनी व्यायामाचा मान हंबीररावांना दिला आणि निम्मं काम तिथंच झालं. हंबीरराव म्हणजे पलटणीतून हवालदार होऊन आलेला ऊसवाला. माणसं शेतात हाक मारतात तेवढ्या आवाजात ते ‘एक-दो-तीन’ मोजायचे. पहिल्या दिवशी चंपाबाईंना नऊवारीचा काष्टा सावरत हात वर करायची लाज वाटली. शेजारच्या मनुबाई म्हणाल्या की शेतात तण भांगलायला वाकतो तसं समजायचं आणि वाकायचं. दोन आठवड्यांत लाज गेली आणि तिसऱ्यात गुडघ्याची कळही कमी झाली. एकटीनं चालायला सांगितलं असतं तर चंपाबाई फाटकापर्यंत जाऊन परत आल्या असत्या. इथं मात्र एक दिवस चुकला तर मनुबाई दारात हजर व्हायच्या.

फळ्यावरचा आपला आकडा ज्यानं त्यानं मोठ्यानं वाचायचा, असा नियम होता. चंपाबाईंना फळाच दिसत नव्हता. म्हणून त्यांचा आकडा हंबीरराव उठून वाचायचे. “चंपाबाई भूपाल पाटील, दोनशे चाळीस.” दर वेळी आसपास तेवढाच. मॅडम विचारायच्या, गोळ्या वेळेवर घेता ना? चंपाबाई म्हणायच्या, व्हय. मॅडम गोळीची ताकद वाढवायच्या. घरी येऊन चंपाबाई एका खोटेपणाला एक माळ जास्त जपायच्या, आणि नवी गोळी पुन्हा डब्यात जायची. ऑपरेशनही तेवढंच लांब जायचं.

एका मंगळवारी मॅडमनी फळ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांनाच विचारलं, रात्रीची गोळी कोण कोण चुकवतं? रागावणार नाही म्हणाल्या. सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडं बघायला लागले. मग हंबीरराव हजेरीला उभे राहावेत तसे उठले.

“मी चुकवतो, मॅडम. संध्याकाळी जरा घ्यायची सवय हाय. गोळी आन् दारू एकत्र झाली की बाधतं म्हणं. म्हणून दोन्हीतलं एक सोडलं.”

“काय सोडलं?”

“गोळी.”

ओसरी हसून हसून वाकली. हंबीररावही हसले. एकट्या चंपाबाई हसल्या नाहीत. त्यांना आतून चटका बसला होता. हा माणूस दारू पितो आणि चारचौघांत उभा राहून खरं बोलतो. आणि आपण नियम पाळतो म्हणवतो आणि दर मंगळवारी खोटं बोलतो. त्या उठल्या.

“मॅडम, मी पण न्हाई घेत. वरीस झालं. दिवस मावळल्यावर आमाला पाणीबी चालत न्हाई.”

हसू थांबलं. धर्म की जीव, हा प्रश्न आता येणार, म्हणून चंपाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मॅडमनी पेन खाली ठेवला.

“जेवता कधी?”

“साडेसहाला.”

“मग साडेसहाला घ्या, जेवणाबरोबर. गोळीला जेवण लागतं, आजी. रात्र नाही लागत.”

एवढंच होतं. वर्षभर उरावर घेतलेला धोंडा, आणि तो एवढाच होता. चंपाबाई मटकन खाली बसल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. मनुबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि वर मॅडमना सांगितलं की आपणही सातला जेवून झोपतो आणि गोळीसाठी गजर लावून उठतो. मग आणखी दोघांचे हात वर आले. मॅडमनी कपाळाला हात लावला. “चूक माझी. मी जेवणाची वेळ कधी विचारलीच नाही.” वाढवलेली ताकद त्यांनी लगेच पहिल्यावर आणली, आणि हंबीररावांना दम दिला की गोळी नाही, बाटली सोडायची. हंबीरराव जाता जाता म्हणाले, “अक्का, तुमचा धरम आन् माझी बाटली, दोघांनी मिळून मॅडमला फसवलं की.”

त्या संध्याकाळी साडेसहाला चंपाबाईंचा फोन वाजला. “अक्का, गोळी?” हंबीररावांचाच आवाज, फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येणारा. चंपाबाईंनी गोळी गिळली आणि विचारलं, “दादा, तुमी जेवलासा?” हंबीरराव चाचरले. ते नऊच्या आत कधी जेवत नसत. पण विचारणारी बाई जेवून बसलेली, मग त्यांनीही ताट घ्यायला सांगितलं. पोटभर जेवल्यावर प्यायला काही मजा येत नाही, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. रोज साडेसहाला फोन होत राहिला. बाटलीचं चंपाबाईंनी एकदाही विचारलं नाही, जेवणाचं मात्र विचारल्याशिवाय सोडलं नाही.

तीन महिन्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यानं चंपाबाईंना माघारी पाठवलं नाही.

ऑपरेशननंतर महिनाभरानं, नवा चष्मा लावून, त्या मंगळवारी मैदानावर आल्या. नवऱ्याची, भूपालरावांची, स्कूटर वाटेत बंद पडली, म्हणून तपासणीच्या रांगेत त्या शेवटच्या होत्या. व्यायाम सुरू झाला आणि त्यांनी हंबीररावांना पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाजाच्या मानानं माणूस अगदीच बुटका निघाला. चंपाबाईंना हसू आवरेना, आणि का हसता म्हणून मनुबाईंनी विचारलं तरी त्यांनी सांगितलं नाही.

ओसरीवर सगळे गोल बसले. फळ्यावर चौदा नावं होती आणि त्यांचं सर्वांत खाली. कुणी काही म्हणायच्या आत चंपाबाई उठल्या आणि पहिल्या नावापासून वाचू लागल्या. बस्तीत वाचायच्या तशाच, सावकाश, प्रत्येक नावाला त्याचा मान देत. आपापला वाचायचा नियम मॅडमनी आठवून दिला नाही. “मनुबाई जोतीराम माने, एकशे चाळीस. हंबीरराव शंभूराज शिंदे, एकशे अठ्ठावीस.” इथं त्या क्षणभर थांबल्या, चष्मा सारखा करून तो आकडा पुन्हा वाचला, आणि मग पुढं गेल्या.

शेवटचं नाव आलं तेव्हा हंबीरराव सवयीनं उठले होते.

“चंपाबाई भूपाल पाटील,” चंपाबाईंनी वाचलं, “एकशे बत्तीस.”

हंबीरराव खाली बसले.