माझे काम दिसेनासे होण्याचे

मित्रांनो, या कार्यालयाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला भिंतीवर एक खिळा दिसेल. त्या खिळ्याला वीतभर रुंदीची एक लोखंडी चकती अडकवलेली आहे. तिचे दोन भाग काळे, दोन भाग पांढरे. ती मी. मी एक जुनी तबकडी आहे. शाळेची मुले इथे येतात तेव्हा त्यातली निम्मी मला घड्याळ समजतात आणि काटे कुठे गेले म्हणून विचारतात. मला त्याचा राग येत नाही. जिचे सगळे आयुष्य पाण्याखाली गेले, तिला जमिनीवर कोण ओळखणार?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने मला जाड पत्र्यातून गोल कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या, मधोमध भोक पाडून वर कडी आणि खाली शिशाचे वजन बसवले. मग चार भाग आखून काळा आणि पांढरा रंग दिला. मला न्यायला एक उंच, सडपातळ गृहस्थ आले होते. कारागिराने त्यांना विचारले, "साहेब, हिचं करायचं काय?"

"दोरीला बांधून पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की थांबायचं आणि दोरी किती गेली ते लिहायचं."

"दिसेनाशीच व्हायची होती तर एवढी घासून कशाला घेतली हो?" कारागीर म्हणाला आणि दोघेही हसले. ते गृहस्थ म्हणजे आमचे काका. पाणी मोजणारे काका. त्यांना खरे नाव होते, पण ते पगारपत्रकापुरते. नदीवर सगळे त्यांना काकाच म्हणत.

आता नदीबद्दल सांगते. आमची नदी एका राज्याच्या डोंगरात जन्मते, दुसऱ्यातून वळसे घेत जाते आणि तिसऱ्यातून समुद्राला मिळते. मी आले तेव्हा ती आजारी होती. डोंगर उघडे पडले होते, त्यांची माती वाहून नदीत येत होती. मधल्या शहरांचे सांडपाणी तसेच्या तसे तिच्यात सुटत होते. खाली वाळूचा उपसा चालला होता. खालचे राज्य वरच्यावर खापर फोडायचे, वरचे कानावर हात ठेवायचे आणि मधले दोघांकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. प्रत्येकाकडे आपापले आकडे होते आणि एकाचा आकडा दुसऱ्याला मान्य नव्हता.

शेवटी नदीचे पाणी प्यायला देणेच कठीण झाले, तेव्हा तिन्ही सरकारे एका टेबलाशी बसली. त्यांनी मिळून नदीचे एक मंडळ स्थापन केले आणि कामे वाटून घेतली. वरच्यांनी उतारावर दगडी बांध घालायचे, झाडे लावायची आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची वीस पावले जमीन नांगराविना सोडायची. मधल्यांनी सांडपाणी स्वच्छ करूनच सोडायचे. खालच्यांनी वाळू उपसणे बंद करायचे. आणि हे सगळे लागू पडते आहे की नाही, ते एकाच जागी, एकाच तबकडीने मोजायचे. ती तबकडी मी, आणि माझ्या दोरीचे दुसरे टोक काकांच्या हातात.

आमचे काम असे चाले. ऐन दुपारी होडी नदीच्या मध्यावर न्यायची. सावलीच्या बाजूने मला हळूहळू पाण्यात सोडायचे. दोरीवर दर दहा सेंटीमीटरला शाईची खूण होती आणि दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ होती. मी खाली जात असताना काका पुटपुटत, "दिसतेय... दिसतेय... दिसतेय..." आणि मी दिसेनाशी झाले की म्हणत, "गेली." मग मला वर ओढायला लागत आणि पुन्हा दिसले की म्हणत, "आली." दोन्ही आकड्यांचा मध्य ते वहीत लिहीत. पाणी जितके नितळ, तितकी मी खोल जाणार.

एक गोष्ट मात्र कोणालाच माहीत नव्हती. मीही खालून काकांना पाहत असे. होडीच्या काठावरून वाकलेला तो चेहरा, कानामागे खोचलेली पेन्सिल, मिटलेले ओठ. पाणी दोन्हीकडून सारखेच. ते "गेली" म्हणत, त्याच क्षणी त्यांचा चेहराही मला दिसेनासा होई.

पहिल्या वर्षी मी चाळीस सेंटीमीटरवरच गडप होत असे. काठावरच्या बादलीतही याहून खोल गेले असते. पण तिसऱ्या वर्षी सत्तर झाले, पाचव्या वर्षी मीटर पुरा झाला. पहिली लाल गाठ भिजली त्या दिवशी काकांनी ती नावाड्याला दाखवली आणि नावाड्याने वल्हे सोडून माझ्याकडे असे पाहिले की होडी गोल फिरली. आठव्या वर्षी आम्ही पावणेदोन मीटरवर होतो. पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. खोटे कशाला सांगू, मला थोडी शिष्टपणाची बाधा झाली होती.

त्या कौतुकाच्या वर्षांतच एक चूक झाली. करारात लिहिले होते की महिन्यातून एकदा तिन्ही राज्यांच्या माणसांनी वेगवेगळी मोजणी करायची. सुरुवातीला ते होत असे. पण काकांचा आकडा आणि बाकीच्यांचा आकडा यांत बोटाचाही फरक पडेना. मग हळूहळू बाकीचे काठावर चहा पीत बसू लागले आणि काका आले की त्यांच्या आकड्याखाली सही करू लागले. तिन्ही राज्यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, पण काकांवर होता. काका डोळ्यांत तेल घालून मोजतात, असे सगळे म्हणत.

नवव्या वर्षी आकडा घसरला. दीड मीटर. दहाव्या वर्षी सव्वा. अकराव्या वर्षी मीटरच्याही आत.

आणि मित्रांनो, मला सगळे समजत होते. काका "गेली" म्हणत, तेव्हा मला त्यांचा चेहरा लख्ख दिसत असे. भुवईचा केसन्‌केस दिसत असे. मी खालून मनातल्या मनात ओरडत असे की काका, मी इथेच आहे, अजून दोरी सोडा. पण ते दोरी ओढून घेत आणि माझ्या तोंडातून ब्र निघत नसे. लोखंडाला तोंड नसते याचे दुःख मला तेव्हाच कळले.

घसरलेल्या आकड्याने सगळीकडे धुसफूस सुरू झाली. खालच्या राज्याने कळवले की वरचे लोक बांध नुसते कागदावर घालतात, हे असेच चालायचे असेल तर आम्ही करारातून बाहेर पडतो. वरच्या राज्यातून मोजणीला एक ताई येत. ओढ्याकाठची वीस पावले जमीन सोडायला लोकांना राजी करण्यात त्यांची दहा वर्षे गेली होती. घरोघरी जाऊन, बोलणी खाऊन, पायाला भिंगरी लावून. करार मोडला तर त्या जमिनीवर पुढच्याच हंगामात नांगर फिरणार होता. ताई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "काका, मी परवाच सगळे ओढे चालून आले. पाणी काचेसारखं आहे. मग इथं असं का?"

"आकडा आहे तो आहे, पोरी," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज रोजचा नव्हता.

मग संशय माझ्यावर आला. तबकडीचा रंग उडालाय, म्हणून ती लवकर दिसेनाशी होते, असे कोणीतरी म्हणाले. मला फार लागले, पण रंग उडाला होता हेही खरे होते. अकरा वर्षांत मला कोणी कुंचला लावला नव्हता. फोटो मात्र पुष्कळ काढले होते.

मंडळाच्या बैठकीला तीन दिवस होते. काका मला घरी घेऊन गेले आणि मागच्या दारी वर्तमानपत्र पसरून स्वतः रंगवायला बसले. काकू शेजारी शेंगा सोलत होत्या. काळे भाग झाले, पांढरे झाले. काका मला हातभर लांब धरून म्हणाले, "दुकानदारानं फसवलं. पांढरा मागितला तर पिवळट दिला."

काकूंनी मान वर केली. "पिवळट कुठंय? दुधासारखा पांढरा आहे की."

काकांनी मला डोळ्यांजवळ नेले. मग लांब धरले. मग भिंतीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले. काकू शेंगा सोडून उठल्या आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"मी कधीची सांगतेय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही चहा बशीबाहेर ओतता. जिन्याची शेवटची पायरी चुकता. डॉक्टरकडे चला म्हटलं की विषय बदलता."

"मोतीबिंदू असेल."

"असेल. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाजायचं ते त्याचं नाही गं," काका म्हणाले. "तीन वर्षं मी नदीला आजारी म्हणतोय."

माझा रंग ओला होता, म्हणून त्यांनी मला तसेच धरून ठेवले. मला त्यांची फार दया आली.

बैठकीत मी टेबलावर होते, नवीन रंगात झळकत. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. खरे सांगते, त्यांना लगेच बोलणे जमले नाही. खालच्या राज्याचे अधिकारी घसरलेले आकडे वाचत होते, ताई खाली मान घालून ऐकत होत्या आणि काका आपल्या टोपीची कड चुरगळत होते. अकरा वर्षे लोक त्यांच्या नजरेची शपथ घेत होते. ती नजरच गेली हे सांगणे कोणाला सोपे जाईल?

"म्हणजे तुम्ही बांध घातलेच नाहीत, असं आम्ही समजायचं का?" अधिकाऱ्यांनी ताईंना विचारले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले.

काका उठले. "ताईंना काही विचारू नका," ते म्हणाले. "दोष नदीचा नाही आणि या तबकडीचाही नाही. माझे डोळे गेलेत. मला ते तीन दिवसांपूर्वी कळलं. खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं, पण मी कळून घेतलं नाही. गेल्या तीन वर्षांचे आकडे खोडून टाका."

मंडळाच्या अध्यक्षबाई होत्या, त्यांनी कागद बाजूला सारले. "खोडायचं मग बघू. सही तर आपण सगळ्यांनीच केलीय की त्याखाली," त्या म्हणाल्या. "आधी चला नदीवर. आणि काका, दोरी तुम्हीच सोडायची. बघायचं काम आमचं."

त्या दुपारी होडी दाटीवाटीने भरली. काकांनी मला पाण्यात सोडले आणि सवयीने पुटपुटू लागले, "दिसतेय... दिसतेय..." मग मध्येच गप्प झाले. पण बाजूने ताईंचा आवाज आला, "दिसतेय." खालच्या राज्याचे अधिकारी म्हणाले, "दिसतेय." पहिली लाल गाठ पाण्यात गेली. काकांचा हात थांबला, तसे ताई म्हणाल्या, "सोडा काका, अजून आहे ती." काका सोडत राहिले. मी वर पाहिले तर तीन चेहरे होडीच्या एकाच काठावर ओणवले होते, आणि नावाडी दुसऱ्या काठावर सगळे वजन टाकून होडी सावरत होता. दुसरी लाल गाठ भिजली. तिच्याही चार खुणा पुढे गेल्यावर अधिकारी म्हणाले, "गेली." ताई म्हणाल्या, "हं, आता गेली."

दोन मीटर चाळीस. इतकी खोल मी कधीच गेले नव्हते. नदी तीन वर्षे गुपचूप बरी होत होती आणि आम्ही तिला आजारी म्हणत होतो. काकांनी डोळे पुसले, पण दोरी सोडली नाही. करार टिकला. ओढ्याकाठची ती वीस पावले जमीन आजही नांगराविना आहे, तिथे आता माणसाच्या डोक्यावर जातील अशी झाडे आहेत. मोजणी मात्र पुन्हा कोणी एकट्याने केली नाही.

पुढे यंत्र आले. ते पाण्यातच राहते आणि आकडा आपोआप कार्यालयात पाठवते. मी खिळ्यावर आले. पहिले काही महिने माझ्यावर धूळ साचली आणि कोणीतरी माझ्या कडीला छत्री अडकवली, याचे वाईट वाटले. पण अध्यक्षबाईंनी नियम घातला की वर्षातून एकदा तिन्ही राज्यांनी मला घेऊन होडीत बसायचे. यंत्रालाही कोणीतरी तपासायला हवे ना.

मित्रांनो, नदीची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगते की जो नदीची काळजी घेतो, त्याचीही विचारपूस करा. त्याच्या कामाखाली नुसती सही करू नका. त्याच्या शेजारी बसून आपणही पाण्यात डोकावून बघा. आणि माझ्यासारखीला दोन-चार वर्षांनी एकदा रंग दिलात तर मी नाही म्हणणार नाही.

गेल्या खेपेला काका आले होते. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, काकू सोबत. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, पदराने पुसायला निघालेल्या काकूंना थांबवून स्वतःच्या रुमालाने पुसले आणि म्हणाले, "खरंच गं, पांढरी आहे." मग होडीत बसून त्यांनी दोरी सोडली. मी खाली जात राहिले. वरून आवाज येत होता, "दिसतेय... दिसतेय..." पहिली गाठ गेली, दुसरी गेली. त्यांचा चेहरा लहान झाला, पुसट झाला, आणि ज्या क्षणी तो मला दिसेनासा झाला, अगदी त्याच क्षणी काका म्हणाले, "गेली."