शेहेचाळीस टक्के

सुनील पगारनं शाळेत असताना जेवढा अभ्यास केला नसेल, तेवढा विजेच्या मोटारसायकलचा केला. पंचवटीत त्याचं चष्म्यांचं दुकान. समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचत असे आणि सुनील काउंटरखाली मोबाइल धरून बॅटरीचे आकडे वाचत असे. पाच महिने हे चाललं. शोरूममधल्या पोरानं सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटर सांगितले होते. सुनीलनं सहा वेळा जाऊन, दर वेळी तोच प्रश्न वेगळ्या बाजूनं विचारून, त्याच्याकडून एकशे दहा कबूल करून घेतले आणि मगच गाडी घेतली. मोहिनी, म्हणजे त्याची बायको, पेढे वाटताना शेजारणीला म्हणाली, की मला बघायला आले होते तेव्हा वीस मिनिटांत होकार देऊन उठले होते हे.

गाडी आली आणि सुनीलचे गुरुवार रिकामे झाले. गुरुवारी दुकान बंद. सतरा वर्षं तो दर गुरुवारी सकाळी जुनी पेट्रोलची मोटारसायकल वर्तमानपत्रं अंथरून खोलून बसायचा. प्लग घासायचा, ऑइल बघायचा, कार्ब्युरेटरमध्ये डोकं घालायचा, आणि दुपारी काळे हात घेऊन समाधानानं जेवायला यायचा. नव्या गाडीत खोलण्यासारखं काही नव्हतंच. चेनला तेल सोडलं, टायरची हवा बघितली, फडकं मारलं, की दहा मिनिटांत काम संपलं. पहिल्या गुरुवारी तो बराच वेळ फडकं हातात घेऊन गाडीसमोर नुसता बसून राहिला. शेवटी त्यानं आपला सगळा जीव टक्क्यांवर लावला. रोज किती टक्के खर्च झाले, ते तो वहीत लिहू लागला. मोहिनीनं भाजीबाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली, तर तो म्हणायचा, जाऊन येऊन दीड टक्का.

एप्रिलमध्ये मोहिनी आठ दिवस माहेरी सटाण्याला गेली आणि गुरुवारी येऊन मला घेऊन जा, असं तिनं सांगितलं. चांदवडवरून गेलं तर सटाणा शंभर किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे गाडी कशीबशी पोचली असती किंवा अलीकडेच बसली असती. मोहिनीनं फोनवर सरळ उपाय सांगितला. वाटेत चांदवडला दोन तास चार्जिंगला लावा.

"चांदवडला कोण आहे माझं?" सुनील म्हणाला.

कोण आहे ते दोघांनाही माहीत होतं. चांदवडला सुनीलची सख्खी थोरली बहीण होती, कमळाबाई, त्याची आक्का. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं, तो सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या डोक्याला तेल लावून शाळेत पाठवलं. आणि चार वर्षं झाली, बहीणभाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

झालं होतं ते असं. कमळाबाईच्या मुलीचं, निकिताचं लग्न होतं. नवरीला मंडपात आणायचं ते मामानं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्यामागं उभं राहायचं तेही मामानं. सख्खा मामा एकच, सुनील. त्याला आणायला आदल्या दिवशी जीप पाठवते म्हणून आक्कानं निरोप दिला, तर ह्यानं कळवलं, की माझी मोटारसायकल मी स्वतःच्या हातानं राखलेली आहे, ती घड्याळासारखी चालते. ती पिंपळगावच्या पुढं प्लगमध्ये कचरा अडकून बंद पडली. सुनील मंडपात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, निकिताच्या मागं बहिरू नावाचा कुठलासा चुलतमामा उभा होता आणि वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. आक्का सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, की आता कशाला आलास, जा, तुझ्या गाडीलाच हळद लाव. सुनील जसा आला तसा निघून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. ती वाट बघत राहिली की तो माफी मागेल, तो वाट बघत राहिला की ती बोलावेल, आणि दोघंही पगारांच्याच घरातली असल्यामुळं वाट बघण्यात कोणी कमी पडलं नाही.

तरी सुनीलला तिची आठवण येत होती, हे त्यानं मोहिनीपासून लपवलं असलं तरी मोहिनीला कळत होतं. कमळाबाईच्या वयाची एखादी बाई दुकानात आली, की तो चष्म्याची काच दोनदा पुसून द्यायचा. पण आपण होऊन दारात जायचं म्हणजे नाक खाली घालायचं. नाइलाज होऊन गेलं तर गोष्ट वेगळी. बॅटरी संपली, गाडी बंद पडायला आली, जवळ दुसरं घर नाही, म्हणून आलो. यात कोणाचं काय जातं? बुधवारी संध्याकाळी सुनीलनं वहीत हिशेब मांडला. हायवेला जोरात गाडी पळवायची, सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या मोडवर, दिवसाढवळ्या हेडलाइट लावून. चांदवडला दहा टक्के उरले पाहिजेत.

गुरुवारी सकाळी साडेसहाला तो निघाला. ओझरपर्यंत सगळं हिशेबाप्रमाणं झालं. पिंपळगावनंतर मात्र कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकामागं एक ट्रॉल्या, पलीकडून ट्रक, मधून घुसायला जागा नाही. सुनील तीसच्या वेगानं त्यांच्या मागं रांगत राहिला. आणि विजेची गाडी रांगायला लागली, की तिच्यासारखी काटकसरी बाई दुसरी नाही. टक्के हलेचनात. नऊच्या सुमाराला चांदवडच्या चौफुलीवर येऊन त्यानं पडद्यावर बघितलं, तर शेहेचाळीस.

इतर कुठल्याही दिवशी त्यानं हा आकडा फोटो काढून चार लोकांना पाठवला असता. आज त्याला गाडीचा राग आला. शेहेचाळीस टक्क्यांत सटाण्याचा सासऱ्यांचा दरवाजा सहज आला असता. नाइलाज म्हणून जो काही होता, तो गाडीनं वाचवून टाकला होता. डावीकडं सटाण्याचा रस्ता. उजवीकडं, खालच्या अंगाला, आक्काच्या मळ्याकडं जाणारी मातीची वाट. तिच्या कांदे साठवायच्या चाळीचे पत्रे चौफुलीवरूनसुद्धा दिसत होते. सुनील पाय टेकवून पाच मिनिटं उभा राहिला. सटाण्याकडं वळवलं असतं तर पुन्हा किती वर्षं गेली असती, हे त्याला समजत होतं. मग त्यानं डावी-उजवी दोन्ही सोडली आणि गाडी सरळ पुढं, राहूड घाटाकडं काढली. चढाला बॅटरी लवकर उतरते, हे त्यानं वाचलेलं होतं.

चढाला बारा टक्के गेले. तो खूश झाला. घाटाच्या माथ्यावरून वळून खाली उतरला, तर उताराला गाडीनं स्वतःच बॅटरी भरून घेतली आणि दोन टक्के परत केले. या सोयीसाठी त्यानं शोरूममध्ये बारा हजार जास्त मोजले होते. तो चौफुलीवर आला, वळला, पुन्हा घाटात गेला. दुसऱ्या फेरीत त्यानं हॉर्नही वाजवत ठेवला. तिसऱ्या फेरीला घाटाखालचा चहावाला टपरीतून बाहेर येऊन उभा राहिला आणि त्यानं हाताच्या खुणेनं काही हरवलंय का, असं विचारलं. सुनील ओरडून म्हणाला, की गाडीची ट्रायल आहे. चौथी फेरी संपली तेव्हा अकरा वाजत आले होते, त्याच्या मानेला ऊन लागलं होतं आणि पडद्यावर लाल अक्षरात पाच टक्के आले होते. आता कोणाची हिंमत होती त्याला खोटं म्हणायची?

मातीच्या वाटेवरून गाडी बिनआवाजाची आत शिरली. कमळाबाई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिनं मान वर केली, भावाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि हातातला कांदा टोपलीत टाकला. सुनीलनं घाटात घोकलेलं वाक्य म्हटलं. सटाण्याला निघालो होतो, चार्जिंग संपलं, जवळपास दुसरं कोणी नव्हतं, तासाभरासाठी प्लग मिळाला तर बघतो.

"लाइट नाय," कमळाबाई म्हणाली. "सकाळधरनं गेलीय. संध्याकाळी येईल म्हणत्यात."

तासभर प्लगजवळ उभं राहायचं, मोबाइलमध्ये डोकं घालायचं आणि दोन वाक्यं बोलून निघायचं, एवढीच सुनीलची तयारी होती. आता त्याच्याकडं पाच टक्के होते, ना पुढं जाता येत होतं ना मागं, आणि हे सगळं त्यानं पदरची दोन तासांची मेहनत घालून केलं होतं. त्यानं मोहिनीला फोन लावून परिस्थिती सांगितली. ती फोन तोंडापासून लांब धरून हसत असावी. मग म्हणाली, की मी काय, माहेरीच आहे, तुम्ही सावकाश या.

आक्कानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वारा घ्यायला पुठ्ठा दिला. तो आत खाटेवर बसला आणि ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली. मोहिनी कशी आहे, तिनं विचारलं. बरी आहे, तो म्हणाला. निकिता कशी आहे, त्यानं विचारलं. बरी आहे, ती म्हणाली. भाकरीचा थपथप आवाज तेवढा येत राहिला. सुनीलनं पुठ्ठ्यावर छापलेली खताची जाहिरात तीनदा वाचून काढली.

ताटं वाढेपर्यंत कोंडाजी, म्हणजे कमळाबाईचा नवरा, कांदा विकून रिकामा ट्रॅक्टर घेऊन आला. डोक्याचा टॉवेल सोडत त्यानं मेव्हण्याकडं बघितलं आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"काय पाव्हणं, झाली का घाटाची ट्रायल?"

सुनीलचा घास हातात राहिला. तो म्हणाला, "कसली ट्रायल, दाजी?"

मग कोंडाजीनं सावकाश, एकेक बोट मोडत सगळं सांगितलं. बाजार समितीपुढं रस्त्यालगत ट्रॅक्टर रांगेत लावून तो सकाळपासून बसला होता. मेव्हणा समोरून घाटाकडं गेला. कोंडाजीला वाटलं मालेगावला चाललाय. मग मेव्हणा परत आला. मग पुन्हा गेला. रांगेतल्या माणसांनी आपसात पैज लावली, की हा डोक्यानं गेलाय का कोणाला शोधतोय. टपरीवाल्यानं ट्रायलची बातमी आणली, तेव्हा कुठं कोंडाजीच्या ध्यानात आलं, की ही गाडी विजेची आहे आणि मेव्हणा ती मुद्दाम रिकामी करतोय.

"तिसऱ्या फेरीलाच यांचा फोन आला मला," कमळाबाई तव्याकडं बघत म्हणाली. "तव्हाच मी तुझ्यापुरतं पीठ काढलं. म्हटलं, येतो हा. ती गाडी रिकामी झाल्याबिगर यायचा नाय, पण येतो."

सुनीलचे कान तापले. त्याला वाटलं, उठावं आणि ढकलत ढकलत गाडी सटाण्याला न्यावी. पण उठवेना. तिसऱ्या फेरीपासून ही बाई आपल्यासाठी भाकरीचं पीठ घेऊन बसली होती, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

कमळाबाईनं तवा खाली उतरवला. "तुला वाटतं, कुणी थांबलं नाय तुझ्यासाठी. भटजी बोंबलत हुते मुहूर्त चालला म्हणून. मी निकिताच्या शालूच्या पिना तीन डाव काढल्या अन् तीन डाव लावल्या. पोरगी म्हणाली, आई, काय करतीस? म्हटलं, नीट बसंना. चौथ्या डावाला पोरीच्या सासऱ्यानं तिला हाताला धरून नेली. मग बहिरूला उभं केलं."

हे सुनीलला कोणी सांगितलेलं नव्हतं. चार वर्षं तो हेच उगाळत होता, की पाच मिनिटंसुद्धा कोणी थांबलं नाही. त्याला एकदम फार वाईट वाटलं. एका प्लगमधल्या कचऱ्यासाठी चार वर्षं घालवली आपण, आणि वर इतक्या ऐटीत घालवली.

"आक्का," तो म्हणाला, "जीप पाठवत होतीस, मी नको म्हटलं. चूक माझी होती. त्या दिवशीच कळलं होतं मला."

"मी बी सगळ्यांम्होरं बोलाया नको हुतं," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या आमटीत न विचारता आणखी एक पळी ओतली.

त्यानंतर मात्र बोलणं काही थांबलं नाही. निकिताला दुसरा महिना लागला होता. कोंडाजीच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. मोहिनीचा रक्तदाब, दुकानासमोर झालेलं दुसरं चष्म्यांचं दुकान, सगळं निघालं. सुनीलनं आक्काला चष्म्याचा नंबर विचारला, तर सहा वर्षांत डोळे तपासलेलेच नव्हते. त्यानं तिला बोटं मोजायला लावली, कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावली आणि मग तिला झापलं. ती निमूट झापून घेत होती. तिला इतकं बरं वाटत होतं, की तिनं उलट एक शब्द काढला नाही.

चारच्या सुमाराला छताचा पंखा आधी कुरकुरला, मग फिरायला लागला. कोंडाजीनं वर बघितलं. लाइट आली, तो म्हणाला, आण बरं ती वायर, लावून टाकतो. तो गुडघ्यावर हात ठेवून उठायलाही लागला.

"बसा हो तुम्ही," कमळाबाई म्हणाली. "भरली की जाईल तो."

तिनं हे अगदी हळू म्हटलं होतं, पण खोलीत तिघंच होते. कोंडाजी पुन्हा खाली बसला. सुनीलनं पिशवीतून अर्धी बाहेर काढलेली चार्जरची वायर गुंडाळून परत आत ठेवली. मग त्यानं फिरत्या पंख्याखाली बसूनच मोहिनीला फोन लावला आणि सांगितलं, की इकडं अजून लाइट आलेली नाही, आज काही येईल असं दिसत नाही, मी उद्या सकाळी निघेन.