हिरवी अळी वाचलीच पाहिजे

चौदा वर्षांपूर्वी माझा घसा ठणठणीत होता. मग मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. आमचे मुख्याध्यापक उदाराम कटरे सर यांचं म्हणणं साधं आहे: मास्तरानं नोट्स सांगाव्यात, पोरांनी उतरवून घ्याव्यात, बाकी सगळी थेरं. या वर्षी मात्र मी हट्ट धरला की दहावीला नैसर्गिक निवड मैदानावर खेळ घेऊन शिकवणार. सरांनी अट घातली. शुक्रवारी तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यासमोर खेळ जमला, तर आठवड्यातला एक तास मैदानावर. फसला, तर वर्षभर नोट्स, आणि खेळाचं नावही काढायचं नाही.

मी लगेच हो म्हटलं. माझी तयारी पक्की होती.

खेळ असा. लोकरीचे शंभर लाल आणि शंभर हिरवे तुकडे गवतात पसरायचे. त्या अळ्या. पोरं म्हणजे पाखरं. शिट्टी वाजली की एक मिनिट अळ्या टिपायच्या. लाल अळी चटकन दिसते, ती मरते. हिरवी गवतात लपते, ती वाचते. वाचलेल्या प्रत्येक अळीला तिच्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं आणि पुन्हा शिट्टी. तिसऱ्या फेरीपर्यंत मैदानात हिरव्याच हिरव्या. लोकरीसाठी बायकोचं, म्हणजे मोनालीचं, तीन वर्षं अर्धवट राहिलेलं स्वेटर उसवलं. ते पुरं होणार नव्हतंच, तरी उसवताना तिनं दोन दिवस अबोला धरला.

आधी घरी करूनही पाहिलं. गोंदियाहून बहिणीची दोन पोरं आली होती, त्यांना अंगणामागच्या गवतात सोडलं. त्यांनी लाल तेवढ्या वेचल्या आणि हिरव्यांपुढे हात टेकले. "मामा, घास में तो कुछ दिखता ही नहीं," धाकटा म्हणाला. मला त्याची पापी घ्यावीशी वाटली.

शुक्रवारी साहेब आले. त्यांच्यासाठी आणि कटरे सरांसाठी शाळेमागच्या गवतात खुर्च्या टाकल्या. सरांच्या हातात हजेरीपट होता, चेहऱ्यावर हसू होतं. बत्तीस पोरं वह्या घेऊन बाजूला बसली. मी नियम सांगितले, पाखरांसारखं मोकळं फिरा म्हणालो, आणि शिट्टी फुंकली.

पाखरं फिरलीच नाहीत. शेवटच्या बाकावरची मंगली, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, तिनं ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "पात धरा बे." बस्स. अर्धी मुलं गवताच्या एका टोकाला वाकून ओळीत उभी राहिली, अर्धी दुसऱ्या टोकाला. दोन्ही ओळी एकमेकींकडे सरकू लागल्या. श्रावणभर आयांबरोबर धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, निंदण केलेली पोरं ती. त्यांच्या हाताखालून गवताचं नको असलेलं पातं सुटत नाही, तिथं माझ्या लोकरीची काय कथा.

मिनिट संपायच्या आत त्यांनी माझ्यापुढे ढीग ठेवला. शंभर लाल. शंभर हिरवे. शिवाय शर्टाचं एक बटण, पेनाची दोन टोपणं, आणि दुर्गेशनं आणलेली एक खरीखुरी हिरवी अळी, जिचा या खेळाशी काडीचा संबंध नव्हता.

माझं डोकं सटकलं. मी ओरडलो की तुम्ही पाखरं आहात, निंदणाच्या बाया नाही! पुन्हा लोकर पसरली. या वेळी ओळ धरायची नाही, एकच हात वापरायचा आणि एक डोळा मिटायचा. शिट्टी वाजली. पोरांनी एक डोळा मिटला, एक हात पाठीशी घेतला आणि पुन्हा ओळ धरली, कारण वाकल्यावर त्यांना दुसरं काही सुचतच नाही. शंभर लाल. शंभर हिरवे. खरी अळी तेवढी दुसऱ्यांदा सापडली नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल असावी.

"बिसेन सर," कटरे सर प्रेमानं म्हणाले, "तुमची जीवसृष्टी तर पहिल्याच फेरीत संपून राहिली." साहेबांनी चष्मा पुसला आणि यातून विद्यार्थी काय शिकले असं मला विचारलं. वर्षभराच्या नोट्स डोळ्यांपुढे दिसू लागल्या आणि खरं सांगतो, रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मंगली म्हणाली, "सर, तुमची अळी बेकार आहे. सावा टाकला असता तं वाचला असता."

साहेबांनी विचारलं, कोणता सावा? मंगलीनं त्यांच्याकडे जरा दयेनं पाहिलं. बांधीत धानासारखंच दिसणारं गवत असते, तो सावा, असं तिनं समजावलं. तिची आजी सांगते की पहिले त्याचं बूड लालभडक राहत होतं, शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहूनही दिसे. आता तिच्या मायलेही हात लावून पाहावं लागते.

"असं काऊन झालं?" साहेबांनी विचारलं. त्यांचीही भाषा घरची झाली होती.

"काऊन मंजे? दरसाली जो वळखू आला तो आमी उपटला. जो नाई आला, त्याचंच बी पडलं. आता बांधीत सारे त्याचेच लेकरं."

मी पुस्तकातली व्याख्या आठवून पाहिली. हिच्यापुढे ती फिकी होती. साहेब खुर्चीत पुढे सरकले आणि आणखी कोणाला असं उदाहरण देता येईल का, असं त्यांनी विचारलं. दुर्गेशनं हात वर केला तेव्हाच मी त्याला बसवायला हवं होतं.

"साहेब, आमच्या वर्गात बी हेच आहे," तो म्हणाला. "सर परश्न इचारते, तवा जो वर पायते त्याले उठवते. जो खाली पायते त्याले बी उठवते. जो वहीत लिहून राहिल्यासारखा करते, तो वाचते. आठवीत आमी चारच जण लिवत होतो. आता सारा वर्ग लिवते."

मी मागे वळून पाहिलं. साहेबांनी प्रश्न विचारला होता ना, म्हणून दुर्गेश आणि मंगली सोडून तीस पोरं गवतात बसून, माना खाली घालून, मनापासून लिहीत होती.

माझा दहावीचा वर्ग किती तन्मयतेनं लिहितो, हे मी चौदा वर्षं सोयऱ्याधायऱ्यांना सांगत आलोय. साहेबांनी दुर्गेशची वही मागवली आणि नोट्सचं पान उघडून माझ्या हाती दिलं. पानभर त्यानं स्वतःची सही गिरवली होती, बऱ्यापैकी वळणदार. मला शरम वाटली आणि हसूही आवरेना. ही जात मीच तयार केली होती, घसा फोडून.

साहेबांनी वही मिटली. बिसेन सरांचा हा तास आता मैदानावरच होईल, असं त्यांनी तिथंच सांगितलं. मग ते मुख्याध्यापकांकडे वळले. "आणि कटरे सर, तुम्ही तुमचा मराठीचा कोणता धडा मैदानावर घेणार?"

कटरे सरांनी खिशातून पेन काढलं, हजेरीपट मांडीवर उघडला, आणि मान खाली घालून भराभर काहीतरी लिहायला लागले.