शेवाळाची कृपा

अझीम परकारने बावीस वर्षं मस्कतमध्ये लोकांचे पोहण्याचे तलाव साफ केले, पण एकाही तलावात कधी पाय बुडवला नाही. बुडवणार कसा? त्याला पोहताच येत नव्हतं. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाने ही गोष्ट चारचौघांत सांगायची म्हणजे स्वतःचं नाक कापून घ्यायचं. म्हणून त्याने सांगितलीच नाही. उलट बायकोला, इफ्फतला, फोनवर थापा मारल्या. आज शेठच्या तलावात वीस फेऱ्या मारल्या, काल तीस.

थापा मारताना पुढचं दिसत नाही, हीच पंचाईत. परत यायच्या वर्षी इफ्फतने हट्ट धरला की आता आपल्या परसात तलाव हवाच. अझीमला नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याने तिकडूनच मोबाईलवर नकाशा पाठवला, आणि रुबाब राहावा म्हणून खोली आठ फूट लिहिली. इफ्फतने गवंड्याच्या उरावर बसून तलाव बांधून घेतला, विहिरीच्या पाण्याने भरला. अझीम रत्नागिरीला उतरला तो भर पावसात. तोवर फणसाची पानं कुजून पाणी हिरवंगार झालं होतं. सगळे हळहळले. अझीमने मात्र मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

"पोहून दाखवा की," असं कुणी म्हटलं की तो तोंड वाकडं करायचा. "ह्या शेवाळात? अंगाला खाज सुटेल!" असा अख्खा पावसाळा निघाला. बेडूक पोहत होते आणि हा काठावरून बघत होता.

ऑक्टोबर उजाडला आणि इफ्फत म्हणाली, "शुक्रवारी बुरोंडीहून अलीभाई येतोय पोरांना घेऊन. तुमचं पवनं बघायला."

अली तिचा थोरला भाऊ. होडी घेऊन खोल समुद्रात जाणारा. अझीमने लगेच सबब पुढे केली.

"एवढ्यात पानी साफ व्हनार नाय. महिना लागेल."

"मग बावीस वर्षं तिकडं काय चिंबोऱ्या पकडत व्हतात?"

हे मात्र वर्मी लागलं. माणूस खोटा असला तरी कारागीर खरा होता. त्याने बाह्या सरसावल्या. जाळीने पानं काढली, काठावर बसून हात पोचेल तेवढ्या भिंती घासल्या, उन्हं उतरल्यावर ब्लीचिंग पावडर कालवून ओतली आणि पंप लावला. दोन दिवसांत हिरवा रंग गेला, पण पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट राहिलं. तळ काही दिसेना.

"बघ, मी बोललो व्हतो," अझीम जरा खुशीतच म्हणाला.

इफ्फत घरात गेली आणि तुरटीची पिशवी घेऊन आली. "विहीर गढूळ झाली की आई काय करायची? विरघळवून टाका, पंप बंद करा आनि रातभर पान्याला हात लावू नका."

तिचं बरोबर होतं. तेच तर दुखणं होतं.

शुक्रवारी सकाळी सगळा गाळ खाली बसला होता. पाणी इतकं नितळ की तळाच्या फरशा मोजाव्यात. तळ फार जवळ दिसत होता, पण अझीम फसणारा नव्हता. स्वच्छ पाणी तळ नेहमी वर दाखवतं, हे त्याला ठाऊक होतं. गाळ ओढायची नळी त्याने लांब दांडीला लावली आणि खोल टोकाला सोडली.

ठक.

आठ फूट जायला हवी ती दांडी छातीएवढीच गेली. तो दोन हात पुढे सरकला. ठक. पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथेही ठक.

इफ्फत मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मान काही वर करीना.

"इफ्फत, हा चार फूट कसा?"

"मीच सांगितलं गवंड्याला."

"का?"

"लग्नानंतर पयल्यांदा बुरोंडीला गेलो, तवा खाडी पार करायला पडावात चढताना तुमी माझा हात धरला व्हतात. असा, की दोन दिवस दुखत व्हता. तवाच समजलं."

म्हणजे वीस फेऱ्या, तीस फेऱ्या ऐकताना ती बावीस वर्षं नुसती म्हणत आली होती, "दमला असाल, जेवून झोपा." अझीमला लाज वाटली, आणि त्या लाजेहून कितीतरी जास्त तिच्याबद्दल माया वाटली. डोळे भरून आले. तो गाळ ओढत राहिला.

नमाजानंतर अली पोरांसकट आला आणि तलाव बघून खो खो हसला. "अझीमभाय, ह्यात माझी म्हस पन बुडायची नाय! आठ फूट बोलला व्हतात ना?"

"माझ्यामुळं," इफ्फत पटकन म्हणाली. "मना खोल पान्याची भीती वाटते."

अली बघतच राहिला. ही बाई आठव्या वर्षी बापाच्या होडीमागे लाटांतून पोहत जायची. पोरांना मात्र निमित्तच हवं होतं. "फुफी घाबरते! फुफी घाबरते!"

अझीमला ते सोसलं नाही.

"खोटं बोलते ती," तो म्हणाला. "मना पवता येत नाय. कधीच येत नव्हतं."

मग अली इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "अवो, मग आता तरी उतरा!"

अझीम पायऱ्यांवरून उतरला. पाणी गार होतं, छातीपर्यंत येऊन थांबलं. अलीने पाठीखाली हात धरले. "अंग सैल सोडा." पाय तळावरून सुटले, कान पाण्यात गेले. आपण साफ केलेलं पाणी पाठीला कसं लागतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. फार छान लागत होतं.

काठावर इफ्फत पाण्यात पाय सोडून बसली होती. "किती फेऱ्या झाल्या?"

"अर्धी!" अझीम ओरडला, आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी हसत राहिला.