मशीनचं बोलणं मला कळलं नाही

मी एक कोडेक बोलतोय. नाव ऐकलं नसेल, पण काम रोज घेता. इंटरनेटवरच्या फोनमध्ये तुमचा आवाज आवळून लहान करायचा, पलीकडे परत उभा करायचा, एवढंच माझं काम.

मला घडवलं ते माणसाच्या बोलण्यासाठी. घसा, जीभ, ओठ यांची चाल मला पाठ. बाकी आवाजांशी माझं देणंघेणं नाही. माझा थोरला भाऊ मात्र सगळेच आवाज जवळजवळ जसेच्या तसे पाठवतो, आणि माझ्या आठपट नेट खातो. खादाड कुठला!

चारकोपला किरणशेठचा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना आहे. तिथे जुने फोन काढून इंटरनेटचे बसवले. बसवायला अक्षता आली. नेट जेमतेम, म्हणून तिने मला निवडलं. "हॅलो हॅलो, वन टू थ्री," ती माझ्यातून बोलली. पलीकडून "झकास!" आलं, आणि मी पक्का झालो. फोनची परीक्षा सगळे अशीच घेतात.

तिथले फिटर दशरथमामा पाय मोडून विक्रोळीला घरी पडून होते. पण मशीन कुरकुरली की ऑपरेटर सपना त्यांना फोन लावायची आणि रिसीव्हर मशीनच्या अंगाला टेकवायची. मामा नुसतं ऐकून दुखणं सांगायचे. जुन्या फोनवर कधी चुकले नव्हते.

मी आल्यावर सपनाने तसंच केलं. मी त्या घरघरीतून माणूस शोधत बसलो, आणि पलीकडे भलतंच काहीतरी पोचवलं.

"माका नुसती गुळगुळ ऐकाक येता गो," मामा म्हणाले. मग अंदाजाने पट्टा आवळायला सांगितला. दोन दिवसांत बेअरिंग जाम झालं.

"मामांचे कान गेले," किरणशेठ म्हणाले. "पहिल्या तारखेपासून दुसरा फिटर बघतो."

मामांनाही ते पटलं. घरात कोणी हाक मारली तरी ते ओ देईनासे झाले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी कोणाला सांगणार?

शेवटी सपनाच अक्षताला म्हणाली, "माझं बोलणं मामांना नीट कळतं यार. मशीनचंच कळत नाही. कान गेले असते तर माझंही कळलं नसतं ना?"

"अगं बाई! वाट लावली मी," अक्षता म्हणाली. तिने मला काढून फोन माझ्या थोरल्या भावावर टाकला. सपनाने रिसीव्हर शेजारच्या मशीनला टेकवला.

"मागचा बेअरिंग सुकला. पहिली ती मशीन बंद कर!" मामा लगेच म्हणाले.

उघडून बघितलं, तर बेअरिंग कोरडं ठणठणीत. दुसऱ्या फिटरचा विषय किरणशेठनी परत काढला नाही.

"मामा, कान शाबूत आहेत तुमचे. चूक माझी होती," अक्षता म्हणाली.

आता मी यादीत तळाला आहे. नेट फारच मंदावलं तर बोलावतात. तक्रार नाही. पण मला निवडाल तेव्हा जे ऐकायचं आहे तेच माझ्यातून ऐकून बघा, एवढी विनंती.

त्या दिवशी मामांनी फोन लगेच ठेवला नाही. मग हळूच म्हणाले, "सपना, परत एकदा लाव गो मशीनक. काम नाय काय. नुसता आयकतंय."